लुकणाखालची चीर

ट्रॅक्टरच्या इंजिनाचा ब्लॉक साखळीला लटकत होता आणि खाली नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं.

"धुऊन झालाय ना? मग उतरवू आणि लायनर बसवायला घेऊ," नवरा म्हणाला.

"अजून तपासला नाही."

"तपासायचं काय त्यात? लोखंडाचा ठोकळा आहे तो."

"ठोकळाच चिरतो," बायको म्हणाली. "आतलं सगळं नवं घालाल आणि ठोकळ्यातून पाणी गळलं, तर पंधरा दिवसांत पुन्हा इथंच लटकवाल. तेव्हा साखळी एकट्यानं ओढा."

त्यानं हातातलं फडकं ड्रमवर आपटलं आणि तो पत्र्याच्या शेडबाहेर जाऊन उभा राहिला. दोन दिवस दोघांनी मिळून तो ब्लॉक कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात शिजवला होता. तारेच्या ब्रशानं घासला होता. बोटांची सालं निघाली होती. तिच्या डाव्या मनगटावर पाण्याचा एक शिंतोडा उडाला होता, तिथं रुपयाएवढा फोड आला होता आणि तिनं त्यावर ग्रीसच फासलं होतं.

बाहेर गहू वाळून खडखडीत झाला होता. वारा सुटला की ओंब्या एकमेकींवर घासायच्या, आणि तो आवाज कानावर आला की त्याच्या कपाळाची शीर उडायची. गेल्या वर्षी भावाचा ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत कापलेला गहू शेतात पडून राहिला आणि वर पाऊस झाला. काळा पडलेला गहू ढोरांनीही धड खाल्ला नाही. भाऊ म्हणाला होता, "माझं झाल्याशिवाय तुला कसा देऊ? आणि तुझ्या हातात द्यायचा म्हणजे..." पुढचं त्यानं तोंडानं म्हटलं नव्हतं. हसला होता फक्त.

त्या हसण्यामागची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. तीन वर्षांपूर्वी हेच इंजिन याच्या हातात बसलं होतं. हा नांगरत होता, उष्णतेचा काटा एकाएकी लालवर गेला आणि बंद करीपर्यंत इंजिन किंचाळून जाम झालं. उघडलं तर आत पाण्याचा टिपूस नाही. बापानं त्याच दिवशी अंगणात उभं राहून सांगितलं, "पाणी न बघताच चालवलं पोरानं. जाळलं इंजिन." मग ते चहाच्या टपरीवर सांगितलं, गिरणीत सांगितलं, धान्याच्या काट्यावर सांगितलं. महिन्याभरात याचं नाव जाळ्या पडलं. लहान पोरंसुद्धा लांबून ओरडायची आणि पळायची.

आधी आधी हा सांगायचा की सकाळी मी दोन बादल्या पाणी घातलं होतं, काठोकाठ भरलं होतं. कोणी ऐकलं नाही. पुढे पुढे त्यानंही सांगायचं सोडलं. एकदा बायकोला म्हणाला होता, "घातलं होतं की नाही, आता माझं मलाच आठवत नाही. बादली आठवते. पण ती आदल्या दिवशीची पण असेल."

लग्नानंतर सहा महिन्यांत वाटणी झाली. चालू ट्रॅक्टर थोरल्याकडे गेला आणि हा बसलेला याच्याकडे, धाकट्याकडे आला. बाप म्हणाला, "ज्यानं मोडला त्यानं घ्यावा." कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. धाकट्यालाही नाही. बाप थोरल्याकडे राहायला गेला. अंगण एकच होतं, मधे गुडघाभर उंचीची दगडांची ओळ लागली एवढंच.

तो शेडमध्ये परत आला तेव्हा बायकोनं ब्लॉक खाली घेऊन जाड फळीवर बसवला होता. एकटीनं. साखळीची कप्पी अजून डुलत होती. त्याला त्याचाही राग आला.

"हाक मारता येत नव्हती?"

"तुमचं उभं राहून झालं की मारणार होते."

तिचा बाप लेथवाला होता. तिला भाऊ नव्हता, त्यामुळे बापाच्या हाताखाली दहा-बारा वर्षं तीच होती. गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं आणि "मिस्त्री कुठं गेले?" असं विचारायचं. मिस्त्री बाजूला बसून विडी ओढत असायचे आणि काम हिच्या हातात असायचं. लग्न झाल्यावर ते सगळं सुटलं. इथं ती शेतात राबायची आणि शेडकडे बघायची. थोरली जाऊ एकदा म्हणाली होती, "बाईमाणसाच्या नखात काळं कसलं गं?" तेव्हापासून ती हात पदराखाली घेऊन बसायची. गेले दोन दिवस मात्र ती हात लपवायचं विसरली होती.

तिनं रॉकेलची बाटली घेतली आणि ब्लॉकच्या वरच्या तोंडावर फडक्यानं रॉकेल चोपडलं. सिलिंडरच्या तीन भोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यांवर, बोल्टच्या भोकांभोवती, पाण्याच्या वाटांच्या कडांना. मग ती नुसती बसून राहिली.

"आता काय?"

"मुरू दे. चीर असली तर आत शिरेल."

"मी तोवर रिंगा..."

"रिंगांना हात लावू नका. बसा."

तो बसला. पाय हलवत बसला. तिनं सावकाश ते तोंड कोरड्या फडक्यानं पुसून काढलं, पुन्हा दुसऱ्या फडक्यानं पुसलं, आणि पोत्यांवर खुणा करायचा खडू दगडावर ठेचून त्याची पूड वर भुरभुरली. चीर असती तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उठली असती. दोघं वाकून बघत राहिले. पूड पांढरीच्या पांढरी राहिली.

"झालं समाधान?"

"वरचं झालं. इंजिन तापून चिरलं तर इथं चिरतं. सिलिंडरच्या मधे." ती थांबली. "एवढं लालबुंद झालं होतं म्हणता, तरी इथं काही नाही. चांगलं लोखंड आहे."

"मग?"

"मग खालचं. बेअरिंगच्या कमानी. मग बाजू."

तो एक शिवी पुटपुटला. ती तिला नव्हती, पण तिच्यासमोर होती. तिनं ऐकलं आणि सोडून दिलं.

कमानी स्वच्छ निघाल्या. मग तिनं छोटी हातोडी घेतली आणि बाजूच्या भिंतीवर टिचक्या मारल्यासारखी वाजवत गेली. टण्. टण्. टण्. घंटेसारखा आवाज येत होता. डिझेल पंप बसतो त्याच्या मागच्या बाजूला, खाली, हातोडी पडली आणि आवाज आला, बद्द. तिनं पुन्हा मारली. बद्द. चार बोटं पुढे, टण्.

त्यानं पाय हलवायचे थांबवले.

"तिथं जाड असेल," तो म्हणाला.

"जाड असेल तर असं वाजत नाही."

तिनं हात फिरवला. ब्लॉकचा सगळा रंग कॉस्टिकनं उतरला होता, पण इथं वीतभराहून थोडा मोठा करडा डाग तसाच होता. लोखंडाच्या करड्यापेक्षा किंचित फिका. नीट बघितल्याशिवाय दिसलाच नसता. ती उठली, खुंटीवरच्या फुटक्या स्पीकरचं चुंबक काढून घेऊन आली आणि ते बाजूच्या भिंतीवर ठेवलं. चुंबक खट्कन चिकटलं. तिनं ते सरकवत सरकवत त्या डागावर नेलं. डागावर गेल्यावर ते सुटलं आणि तिच्या पायाशी पडलं.

तिनं चुंबक उचललं, पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"हे लोखंड नाही," ती म्हणाली. "लुकण आहे. भेग बुजवायला भरलंय कोणीतरी."

त्यानं तिच्या हातातून पटाशी हिसकावून घेतली आणि डागावर चालवली. करड्या भुकटीचे पापुद्रे निघायला लागले. एक मोठा तुकडा खळकन सुटून फळीवर पडला. खाली चीर होती. वीतभर लांब, एका टोकाला दोन फाटे फुटलेली. चांगली नख शिरेल एवढी रुंद. आत पाण्याची वाट दिसत होती.

तिनं बोट लावून पाहिलं. चिरेचे ओठ बाहेरच्या बाजूला उचलले गेले होते.

"हे तापून झालेलं नाही," ती हळू म्हणाली. "आतून रेटा आलाय. पाणी गोठून फुगलं की भिंत अशी बाहेर ढकलली जाते. थंडीनं फाटलंय हे. तुम्ही चालवत होता त्याच्या आधी." तिनं सुटलेला तुकडा उलटा करून त्याला दाखवला. एका कडेला तो करपून काळा झाला होता. "हे लुकणही आधीचंच. इंजिन तापलं तेव्हा हे इथं होतं. या कडेनं सुटलं असणार, आणि पाणी खाली गेलं सगळं. दोन बादल्या घाला नाही तर दहा."

तो तुकडा बघत राहिला. मग एकदम त्याचा चेहरा असा झाला की ती अर्धं पाऊल मागे सरली.

"मी पाणी घातलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"घातलं होतं मी!"

"हो म्हणतेय ना."

त्यानं तो तुकडा मुठीत धरला आणि तो चालायला लागला. दगडांची ओळ ओलांडून, भावाच्या घरामागून, खळ्याकडे. तिकडे भावाच्या मळणीयंत्राची घरघर चालू होती.

ती मागं धावली. "कुठं निघालात?"

"दादाकडे. त्यानंच केलंय हे. वाटणीच्या आधी मला असलं गळ्यात बांधायचं म्हणून..."

"अहो, हे वाटणीच्या कितीतरी आधीचं आहे. ऐका तरी!"

तो ऐकत नव्हता. तिनं त्याच्याबरोबर चालत चालत विचारलं, "थंडीत रात्री गोठू नये म्हणून इंजिनातलं पाणी संध्याकाळी कोण सोडायचं?"

त्याची पावलं आणखी जोरात पडायला लागली.

खळ्यावर भुसा उडत होता. थोरला तोंडाला फडकं बांधून यंत्रात पेंढ्या लोटत होता, त्याची बायको दाणे ओढत होती. बाप सावलीला बसून दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत होता. त्याच्या मांडीवर सुतळीचा गुंडा होता.

धाकटा सरळ ट्रॅक्टरवर चढला आणि त्यानं इंजिन बंद केलं. यंत्राचा आवाज खाली खाली येत थांबला. कानात एकदम पोकळी झाली.

"ए! वेडा झालास काय?" थोरल्यानं फडकं खाली ओढलं. "यंत्रात पेंढी अडकली असती म्हणजे?"

"हे काय आहे?" धाकट्यानं तुकडा त्याच्या पायाशी फेकला.

थोरल्यानं उचलून पाहिला. "काय आहे? दगड आहे."

"लुकण आहे. माझ्या ब्लॉकमध्ये भरलेलं. वर रंग मारलेला. खाली वीतभर चीर आहे. फुटकं इंजिन माझ्या हातात दिलंस, मी बसवलं म्हणून गावभर झालं, आणि वाटणीत पुन्हा तेच माझ्या डोक्यावर घातलंस!"

"मी? मला काय माहीत तुझ्या ब्लॉकमध्ये काय आहे ते? मी कधी तेल तरी बदललंय का त्याचं?" थोरल्याचा आवाज चढला. "जाळलंस तू, आता निस्तर. माझ्या खळ्यावर येऊन नाटकं करू नकोस. उतर खाली."

"पुन्हा म्हण. जाळलंस म्हणून पुन्हा एकदा म्हण."

"शंभरदा म्हणेन. जाळ्या!"

धाकटा ट्रॅक्टरवरून त्याच्या अंगावरच पडला. दोघं भुशात लोळले. थोरला अंगानं भारी होता, पण धाकट्याच्या अंगात तीन वर्षांचं साचलेलं होतं. थोरल्याचं नाक फुटलं. दोघांच्या बायका ओढायला धावल्या. थोरली किंचाळत होती. धाकटीनं नवऱ्याची कॉलर मागून धरली आणि जीव खाऊन ओढली. कॉलर फाटली पण तो सुटला.

या सगळ्यात बाप जागचा उठला नव्हता. पोरं एकमेकांच्या उरावर बसली तरी म्हातारा उठत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं वळून बघितलं. दाभण पोत्यात अर्धं खुपसलेलं होतं आणि तिथंच राहिलं होतं.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर कधीच घसरला होता, तिनं तो सावरला नाही.

"बाबा, थंडीत इंजिनातलं पाणी कोण सोडायचं?"

उत्तर थोरल्यानं दिलं. तो नाक धरून उठत होता. "बाबाच सोडायचे. रोज. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. का?"

"पाणी गोठून फाटलाय ब्लॉक."

थोरल्याच्या नाकातून रक्त हनुवटीवर आलं, ते पुसायचं त्याला सुचलं नाही. धाकटा गुडघ्यांवर बसला होता तसाच बापाकडे बघत होता. त्याला हे वाटेतच कळलं होतं. म्हणूनच तो भावाच्या अंगावर इतक्या जोरानं गेला होता.

"एक दिवस," म्हातारा म्हणाला. त्यानं खाकरून पुन्हा म्हटलं, "एकच दिवस राहून गेलं. हौदावर बर्फाचा पापुद्रा आला होता ना, ती रात्र. सकाळी बघितलं तर भिंत उकललेली."

"मग?"

"मग काय. बाजारातून लुकण आणलं. भरलं. रंग होता घरात. धरलं की त्यानं. दोन महिने धरलं. थेंब गळला नाही."

"दोन महिने धरलं," धाकटा म्हणाला. तो हसला, आणि ते हसणं ऐकून थोरल्या जावेनं तोंडावर हात घेतला. "आणि सुटलं तेव्हा मी बसलो होतो वर. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं ना, का बसलं ते? उघडलं तेव्हा तुम्ही होता तिथं."

म्हातारा खाली बघत होता.

"बोला ना! कळलं होतं का?"

"कळलं होतं."

"मग मी का?"

"तू तरुण होतास," म्हातारा म्हणाला. "तुला चालून जाईल असं वाटलं. तरुण माणसाच्या हातून चुकतं, लोक दोन दिवस बोलतात, विसरतात. मी म्हणालो असतो की माझं राहिलं, तर झालंच. म्हाताऱ्याला आता काही जमत नाही, बसवा कोपऱ्यात. मग ट्रॅक्टर नाही, चावी नाही, काही नाही. पोती शिवा."

"पोतीच शिवताय ना आता?" धाकटी म्हणाली.

तिच्या तोंडून ते निघून गेलं. एरवी सासऱ्याला असं बोलली असती तर थोरल्यानं तिला तिथल्या तिथं ऐकवलं असतं. आज तो हनुवटीवरचं रक्त पुसत राहिला.

धाकटा उठला. अंगाला भुसा चिकटला होता, तो झटकला नाही. बापाच्या अगदी जवळ गेला. सगळ्यांना वाटलं आता हात उचलतो. म्हाताऱ्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं डोळे मिटले.

"मी माझ्यावरच विश्वास ठेवायचा सोडला," धाकटा म्हणाला. "बादली भरलेली मला दिसत होती आणि मी म्हणायचो, नसेल भरली. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला बसलो की हात थरथरायचे माझे. कोण बसवतंय म्हणा मला, पण बसलोच तर. तुम्ही रोज समोर होता. रोज बघत होता."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत.

थोरला पुढं झाला. "हे बघ, झालं ते वाईट झालं. पण वाटणी कागदावर झालीय. आता..."

"वाटणी कशावर झाली, दादा?" धाकटीनं विचारलं. "ज्यानं मोडला त्यानं घ्यावा, यावरच ना? मग कोणी मोडला?"

"म्हणून ट्रॅक्टर देऊन टाकू?"

"द्या नाही तर नका देऊ. आमचा गहू आधी निघाला पाहिजे."

थोरला बायकोकडे बघायला लागला, जणू ती काही मार्ग काढेल. ती पदरानं डोळे पुसत होती. ती म्हणाली, "उद्या यंत्र तिकडे लावा. तीन वर्षं मीपण त्यांना नावं ठेवली. माझ्या तोंडानं ठेवली. आपला गहू चार दिवस थांबेल."

थोरल्यानं मान हलवली. मनापासून नव्हती हलवली, पण हलवली.

"आणि तुम्ही," धाकटीनं सासऱ्याला म्हटलं, "जिथं जिथं जाऊन सांगितलं होतंत, तिथं तिथं जाऊन आता खरं सांगा. टपरीवर, गिरणीत, काट्यावर. तुमच्याकडून दुसरं काही नको."

म्हातारा म्हणाला, "या वयात?"

नवरा-बायको शेडकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून खळ्यावर धाकट्याचा गहू पडायला लागला आणि शेडमध्ये ती ब्लॉकला टाके घालत बसली. ती बाहेरची भिंत होती, भार सोसणारी नव्हती, म्हणून वाचवता येण्यासारखी होती. आधी तिनं चिरेच्या तिन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. टोकाला गोल भोक पडलं की चीर पुढं पळत नाही, हे तिला बापानं शिकवलं होतं. मग चिरेवरच एक भोक, त्यात आटे पाडायचे, बिडाचा आटेदार खिळा पिळून बसवायचा, वरून कापायचा. पुढचं भोक असं पाडायचं की आधीचा खिळा थोडा कापला जाईल. म्हणजे खिळ्यात खिळा अडकत जातो आणि मधे फट राहत नाही. वीतभर चिरेला दोन दिवस लागले. हातड्रिल फिरवून तिच्या खांद्यात गोळे आले. नवरा खळ्यावरून आला की न बोलता ड्रिल तिच्या हातातून घ्यायचा आणि ती दाखवेल तिथं, दाखवेल तेवढंच भोक पाडायचा. आता तो घाई करत नव्हता. एकदा आटे पाडायचा टॅप आत तुटला तर ती रडकुंडीला आली, तेव्हा तोच म्हणाला, "काढू. आहे वेळ."

सगळे खिळे बसल्यावर तिनं हातोडीनं ते हळूहळू चेपले आणि कानशीनं सपाट केले. पाण्याच्या सगळ्या वाटांना रबर आणि जाड पत्रा लावून बोल्ट आवळले, ब्लॉक पाण्यानं भरला आणि एका भोकाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून पंपानं हवा भरली. दाबाचा काटा चढला. दोघं काट्यासमोर बसले. तासभर बसले. काटा जागचा हलला नाही. टाक्यांवर तिनं कोरडा हात फिरवला, तळवा कोरडा राहिला.

"धरलं," ती म्हणाली.

"तो शब्द नको," तो म्हणाला.

चार दिवसांनी इंजिन जुळून ट्रॅक्टरवर चढलं. पहिल्यांदा धूर ओकून चालू झालं तेव्हा तो उष्णतेच्या काट्याकडे बघत अर्धा तास ट्रॅक्टरच्या सीटवर बसून राहिला. काटा मधोमध उभा होता. त्याचे हात थरथरत होते, पण त्यानं ते स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

पोती भरून ट्रॉली धान्याच्या काट्यावर न्यायची होती. निघताना म्हातारा काठी घेऊन अंगणात उभा होता. कोणी बोलावलं नव्हतं. इतक्या दिवसांत तो टपरीवर गेला नव्हता, गिरणीतही नाही. तो ट्रॉलीला धरून कसाबसा पोत्यांवर चढला. धाकट्यानं मागं वळून पाहिलं आणि गाडी चालू केली. धाकटी चाकाच्या मडगार्डवर बसली होती.

काट्यावर रांग होती. काटेवाला दांडगा माणूस, त्याचा आवाज लांबून ऐकू यायचा. "अरे अरे! कोण आलंय बघा!" तो ओरडला. "जाळ्या! पाणी घातलंस का रे? की पेटवायलाच आणलंय?"

रांगेतले सगळे हसले. धाकट्याची मान ताठ झाली. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

मागं म्हातारा पोत्यांवरून उतरला. उतरताना पाय घसरला, गुडघा आपटला, तरी उठला. काट्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "त्यानं नाही जाळलं. मी फोडलं इंजिन. थंडीत पाणी सोडायचं राहिलं माझं. ब्लॉक फाटला. मी लुकण भरून दडवलं आणि याच्यावर घातलं."

काटेवाल्यानं म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "वा, आजोबा! बाप असावा तर असा. पोराच्या अंगावरचं स्वतःच्या अंगावर घेतोय बघा."

"मी खरं सांगतोय."

"सांगा, सांगा. पोरगा आहे तो तुमचा. तुम्ही नाही सांभाळून घेणार तर कोण?" रांगेतला एक जण म्हणाला. दुसऱ्या एकानं डोळे पुसल्यासारखं केलं. पुन्हा हशा झाला, पण या वेळी मऊ, कौतुकाचा.

"अरे मी फोडलं!" म्हातारा ओरडला. काठी जमिनीवर आपटली. "मी! माझ्या हातानं! ऐका की!" आवाज चिरकला. कोणीतरी त्याला बसायला खोका दिला. कोणीतरी चहाचा कप हातात दिला. तो कप हातात धरून "मी फोडलं" असं म्हणत राहिला, आणि लोक मान डोलवत राहिले. काटेवाल्यानं पुढच्या ट्रॉलीला हात केला.

पोती उतरवून, वजन करून होईपर्यंत म्हातारा तिथंच होता. चार वेगवेगळ्या माणसांना त्यानं सांगितलं. चौघांनीही त्याला नमस्कार केला.

रिकामी ट्रॉली निघाली तेव्हा तो चाकाजवळ आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. वर बघून धाकट्याला म्हणाला, "पटत नाही रे कोणाला."

"मला तीन वर्षं हेच होत होतं," धाकटा म्हणाला.

इंजिन चालूच होतं. धाकटीला वाटलं, तो आता बसा म्हणेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. तो काट्याच्या रांगेकडे बघत होता. नवीन ट्रॉल्या येऊन लागत होत्या, नवीन माणसं उतरत होती.

"उद्या पुन्हा यायचं," तो म्हणाला. "परवा गिरणीत. पटेपर्यंत सांगायचं."

म्हाताऱ्यानं काठी ट्रॉलीत टाकली आणि दोन्ही हातांनी फळी धरून तो वर चढायला लागला. त्याला चढता येईना. धाकट्यानं गाडी पुढं घेतली नाही आणि खालीही उतरला नाही. शेवटी धाकटी उतरली, सासऱ्याच्या पाठीला खांदा लावला आणि त्याला वर लोटलं.